अस्सल हार्लेम

“मगे खरां हार्लेम खयचां, बाबानू?”

वेंगुर्ल्याला वलंदेजांची जुनी वखार आहे. वलंदेज म्हणजे हॉलंडचे लोक. ते कधीच गेले, भिंती राहिल्या, भिंतींवर झाडं चढली. त्या भिंतीला टेकून एक फकीर बसत. मूळचे कुठले ते कोणालाच ठाऊक नाही, बोलत मात्र गाववाल्यांसारखे. लोक त्यांना वखारीचे बाबा म्हणत.

विचारणारे होते भिकाजी आरोलकर. सगळा जन्म बोटीच्या इंजिनात गेलेला. जग फिरलेला माणूस, आणि फिरलेलं कोणाला तरी ऐकवल्याशिवाय त्यांना अन्न पचत नसे.

उत्तराची वाट न पाहता त्यांनी स्वतःच उत्तर दिलं.

“अमेरिकेत हार्लेम आसा. ब्रुकलिन आसा. सगळ्या जगाक म्हायत. पण ती नावां मुळची हॉलंडची. मी मुद्दाम जावन इलंय थंय. अस्सल ब्रुकलिन म्हणजे एवढोसो गाव. एक नदी, दोन-चार बदकां, आणि एक बाई कपडे वाळत घाली होती. मी तिका इचारलंय, ह्याच काय तां ब्रुकलिन? ती हसली.”

“बदकां बरी होती?” बाबांनी विचारलं.

आरोलकरांना हे आवडलं नाही. पण आता थांबतात कसले!

“न्यूझीलंडचां पण तसांच. थंय डोंगर, बर्फ, काय विचारू नका. आणि ज्या झीलंडाचां नाव घेतलां, तां सपाट. अर्धां पाण्यात. नक्कल मोठी झाली, बाबानू. अस्सल कोण इचारणा नाय.”

समुद्रावर धुकं उतरत होतं. पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे लागतं ते कळेना. दूर एक होडी होती. ती पाण्यात होती की आभाळात, कोण जाणे.

बाबा तिच्याकडे बघत राहिले.

“ह्यां सांगूक इलंस?”

आरोलकर घुटमळले. मग आवाज खाली आला.

“उद्या बारसां आसा. न्यूझीलंडात. माका नात झाली. झिल म्हणता, आवशीचां नाव ठेवतंय. मी नको म्हटलंय. थंय सून रडता. उद्या परत फोन येतलो... माका काय सुचणा नाय.”

“नको कित्याक?”

आरोलकरांची बायको, म्हणजे त्या मुलाची आई, जाऊन वर्ष होत आलं होतं. तिच्याविषयी ते कोणाशी बोलत नसत. आज मात्र डोळे भरले.

“तां नाव तिचां, बाबानू. उद्या कोणी हाक मारली तर त्या चेडवाक मारतले. माझी बायल त्या नदीवरच्या गावासारखी होतली. कोण इचारूचा नाय.”

“तुझी हाक काय होती?” बाबा म्हणाले.

“हाक?”

“तिका.”

“अगो.”

“आणि?”

“अगो... ऐकलां गो?” आरोलकर चिडलेच. “बायलेचां नाव कोण घेता?”

खरंच होतं ते. त्यांच्या वेळची रीतच तशी. नवऱ्याने बायकोचं नाव घ्यायचं नाही, बायकोने नवऱ्याचं तर नाहीच नाही. एक लग्नातला उखाणा तेवढा सुटलेला.

“कधीच घेवक नाय?”

“घेतलंय. लग्नात, उखाण्यात. सगळे हसले होते.”

“घे बघू.”

आरोलकर संकोचले. इकडेतिकडे पाहिलं. किनाऱ्यावर कोणी नव्हतं. मग त्यांनी सदरा खाली ओढला, घसा खाकरला, आणि बोहल्यावर उभं राहावं तसे उभे राहिले.

“दर्याक इली भरती, होडी लागली किनारी...”

पुढे नाव होतं.

ते येईना.

ओठ हलले. आवाज नाही. सबंध संसार झाला, तीन खंडांतल्या गावांची नावं तोंडपाठ, आणि हे एक नाव जिभेला ठाऊकच नव्हतं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. तिने किती वाट पाहिली असेल, असंही वाटलं. हे त्यांच्या मनात आजवर आलं नव्हतं.

“उखाणो रवांदे,” बाबा म्हणाले.

ते उठले. आरोलकरांचे खांदे धरून त्यांनी त्यांना समुद्राकडे वळवलं.

“हाक मार.”

“शेवंते...”

इतक्या हळू, की पुढ्यातल्या वाळूलाही ऐकू गेलं नसेल.

बाबांनी खांदे सोडले नाहीत.

“शेवंते!”

आता आवाज मोठा होता, इंजिनाच्या घरघरीवर ओरडायची सवय असलेला. वखारीच्या भिंतीतली पाखरं फडफडून उडाली. हाक धुक्यात शिरली आणि दिसेनाशी झाली. होडीही आता दिसत नव्हती.

आरोलकर कान देऊन उभे राहिले. म्हातारा माणूस, लहान मुलासारखा रडत होता.

लाट आली, गेली.

“कोण ओ देणा नाय, बाबानू.”

“देतली,” बाबा म्हणाले. “अजून तिका बोलूक येणा नाय.”