वाटणीच्या दिवसाचा भाव

"पण सर, उल्काच्या अहवालावर तुम्ही लगेच सही करता. लाल पेन्सिल फक्त माझ्यासाठीच का?"

किणीकर सर अहवालाची पानं सावकाश उलटत राहिले. जमिनींच्या किमती ठरवण्यात जन्म गेलेल्या माणसाला कसली घाई असणार!

सुहासचा मात्र तिळपापड झाला होता. दोघं एकाच वर्षी सरांकडे शिकायला आले. आता उल्का बोरखडीची शाखा सांभाळत होती. तिथल्या माळावर पवनचक्क्या आल्या, पाठोपाठ कंपन्या आल्या आणि दारावर तिच्या नावाची पाटी लागली. सुहास अजून सरांसमोरच्या त्याच टेबलाशी. दिवाळीला तिने पेढे पाठवले, तर तेही त्याच्या घशाखाली उतरले नाहीत.

"दावा कसला आहे?" सरांनी विचारलं.

"दोघा भावांचा. वडिलांच्या माघारी वाटणी झाली. धाकट्याकडे विहिरीचा तुकडा आला, थोरल्याकडे खडकाळ आणि पुढे त्या खडकाळ तुकड्यातूनच बायपास गेला. आता धाकटा म्हणतो, मला फसवलं, त्यातला निम्मा हिस्सा द्या. दोन्ही तुकड्यांची वाटणीच्या दिवशीची किंमत कोर्टाला हवी आहे."

"मग तुलनेला हे कुठले खरेदी-विक्रीचे व्यवहार घेतलेस?"

"दोन्ही तुकड्यांच्या बांधाला लागून असलेल्या जमिनींचे. माती तीच, उतार तोच. याहून चोख व्यवहार मिळायचे नाहीत, सर."

"आणि काळ?"

"...बहुतेकांचा बायपास झाल्यानंतरचा." सुहासचा आवाज चढला. "पण धाकट्याच्या तोंडाला पानं पुसली गेली, हे तर खरं ना? रोज समोर दुसऱ्याची भरभराट बघायची म्हणजे काय, ते मला विचारा!"

"ते दिसतंच आहे."

सरांनी लाल पेन्सिल त्याच्याच हातात दिली.

"रस्त्याची बातमी गावात येण्याआधीचे व्यवहार ठेव. बाकीचे तूच खोड."

सुहास खोडत गेला. शेवटी मोजकेच जुने व्यवहार उरले. त्यांत विहिरीचा तुकडाच वरचढ निघाला, म्हणजे धाकट्याचा.

"आधी निवड कुणी केली?"

"धाकट्यानं. त्यांच्यात थोरला वाटे पाडतो, धाकटा आधी उचलतो. त्यानं विहीर मागून घेतली."

"आणि बोरखडीला जातोस का, हे मी आधी कुणाला विचारलं होतं?"

सुहासने पेन्सिल खाली ठेवली.

मग त्याला राहवेना.

"मला, सर. मलाच विचारलं होतं. पण तेव्हा बोरखडीत होतं काय? धूळ, बाभळी आणि दिवसाला एक एसटी! पुढे पवनचक्क्या येतील हे कुणाच्या स्वप्नात तरी होतं का?"

सरांनी कागद त्याच्यापुढे सरकवले.

"छान. हेच अहवालात लिही, लगेच सही करतो."