काचेवरचं यंत्र

"आता तुम्हीच सांगा उस्ताद, वायर कुठं दिसतेय का?"

दस्तगीर उस्ताद मिरजेत चाळीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करत आले होते. नजर अधू झाली होती, त्यामुळे आता ते बोटांनी बघत. त्यांनी काचेच्या कडेनं, रबराखालून, थेट फ्यूजच्या डबीपर्यंत बोट फिरवलं.

"नाही दिसत."

अभिनंदन चौगुले खुलला. दोन वर्षं तो याच गॅरेजात शिकला होता, पुढं इंजिनिअर झाला. आज आला होता वेगळ्याच कामाला, पण आधी त्याला कौतुक हवं होतं.

"काचेवरचं हे यंत्र, सगळं स्वतः बसवलं. पोलीस पुढं वेग मोजत उभे असले, की हे आधीच पिकपिक करतं. मग गाडी हळू करायची."

"करंट कुठून घेतलास?"

"हॉर्नच्या फ्यूजवरून."

उस्तादांच्या गॅरेजात एक रिवाज होता. काम कसलंही असो, गाडी सोडण्याआधी दिव्यापासून वायपरपर्यंत सगळं चालवून बघायचं. एकेकाळी अभिनंदन हे रोज करत असे.

"बस आत. हॉर्न दाब."

तो बसला. हात स्टिअरिंगपर्यंत गेला आणि तिथंच थांबला...

"दाब की."

"वाजत नाही, उस्ताद."

उस्तादांनी डबीत पुन्हा बोट घातलं. यंत्राची पिन हॉर्नच्या जागी नीट बसली होती. हॉर्नचा फ्यूज मात्र त्या पिनेवर परत लावायचा राहून गेला होता. शिकाऊ पोरानंही केली नसती अशी चूक.

"कधी कळलं तुला?"

"परवा. तासगाव रोडला."

"कसं?"

अभिनंदननं मान खाली घातली. इथं येईपर्यंत वाटेत त्यानं चार वेगवेगळी उत्तरं तयार केली होती, त्यातलं एकही आता तोंडातून निघेना.

"पुढं एक म्हातारा होता, सायकलवर. मागं वैरणीचा भारा. मी हॉर्न दाबला... वाजलाच नाही. आरसा घासला त्याला. चरीत पडला."

"मग?"

"आरशात दिसलं. हात हलत होता त्याचा."

"थांबलास?"

अभिनंदन सीटचा पट्टा चाचपत राहिला.

"अभिनंदन, तू थांबलास का?"

"नाही."

उस्तादांनी खिशातून फ्यूज काढला आणि यंत्राच्या पिनेवर खोवला. मग हात आत घालून हॉर्न दाबला. तो खणखणीत वाजला. समोरच्या चहावाल्यानं वळून पाहिलं, तेव्हा अभिनंदननं तोंड फिरवलं.

"पुढं सरळ घरी गेलास?"

"थोडं पुढं गेलो आणि यंत्र वाजायला लागलं. वळणावर पोलीस होते. मी... मी गाडी चाळीसवर आणली. पट्टा लावला. त्यांच्यासमोरून अगदी शहाण्यासारखा गेलो."

आपण काय बोललो ते त्याच्याच कानांनी ऐकलं, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं काचेवरच्या यंत्राला हात घातला.

"उपटून टाकतो हे. आत्ताच्या आत्ता."

उस्तादांनी त्याचं मनगट धरलं.

"राहू दे. असलंच एक त्या म्हाताऱ्याच्या सायकलला बसवून ये. तू येतोयस, हे त्यालाही आधी कळू दे."