उंबऱ्याबाहेरचे हात

फार जुनी गोष्ट नव्हे. एकदा एका जिल्ह्याच्या गावी, इस्पितळाच्या मागच्या अंगाच्या खोलीत, एक थोरल्या सिस्टर बसत असत. ज्यांची मूत्रपिंडे कामातून गेली त्यांना घरच्या घरी डायलिसिस कसे करावे हे शिकवणे, एवढेच त्यांचे काम. आणि ते त्यांनी बावीस वर्षे केले. हाताखाली एक धाकटी सिस्टर होती. पोर गुणाची, हात हलका, आणि जीभ अशी की रडणारा माणूस बोलता बोलता हसू लागे.

थोरल्यांची शिकवण्याची रीत मात्र कंटाळवाणी. हात धुवायचे ते घड्याळ लावून, आणि तेही वीस वेळा. कोणी का म्हणून विचारले तर म्हणत, आधी कर, का ते मागाहून सांगते. धाकटीला वाटे, ह्या हात धुवायला शिकवतात की झिजवायला? तिला स्वतःला दृष्टान्त सुचत. एक चांगला दृष्टान्त दिला की वीस खेपा वाचतात, असे तिचे मत.

एके दिवशी जनार्दन नावाचा गृहस्थ आला. घाटाखालच्या गावचा, भजनाच्या पेट्या दुरुस्त करणारा. साखरेच्या आजाराने दृष्टी मंदावलेली, पण कान असा की सूर केसभर हलला तरी बोट नेमके त्या पट्टीवर जाई. डॉक्टरांनी त्याच्यापुढे दोन वाटा ठेवल्या. एक, आठवड्यातून तीनदा इस्पितळात येऊन चार चार तास यंत्राला जोडून घेणे. घाट चढून-उतरून अख्खा दिवस त्यात मोडायचा. दुसरी, पोटात एक मऊ नळी बसवून घरीच दिवसातून चार वेळा औषधी पाण्याची पिशवी पोटात सोडणे, काही तास ठेवणे, आणि अंगातला मळ घेऊन आलेले ते पाणी काढून टाकणे. जनार्दन म्हणाला, "आठवड्यातले तीन दिवस दुकान बंद, म्हणजे दुकान बंदच. घरीच करू."

पण पिशवी जोडताना नळीच्या टोकाला बोटसुद्धा लागता कामा नये, आणि टोक तर त्याला दिसेना. म्हणून शिकली ती त्याची बायको, विमल. शेहेचाळीस वर्षांची, बोलायला कमी. आठ दिवसांत असे शिकली की थोरल्या म्हणाल्या, हिच्या बोटांना डोळे आहेत.

शेवटच्या दिवशी जनार्दनाची आई द्वारकाबाई आली. तिला हे सगळे थोतांड वाटत होते. खोलीचे दार का लावायचे, पंखा का बंद करायचा, तोंडाला फडके का बांधायचे? घरात माणसे राहतात की चोर? थोरल्या उत्तर द्यायला गेल्या, तेवढ्यात धाकटी पुढे सरसावली.

"आजी, सोवळं समजा. देवाच्या खोलीत तुम्ही कोणालाही जाऊ देता का? तसं हे."

म्हातारीचा चेहरा उजळला. "अगं मग असं सांग ना बाय. सोवळं काय तू मला शिकवणार? माझ्या देवघरात मांजर पाऊल घालत नाही."

सगळे हसले. जनार्दन म्हणाला, मांजर सोडा, मी जात नाही. धाकटीला धन्य वाटले. भिंतीवर लावायचा तक्ता त्यांना दिला, त्यात खाली आपल्या सुंदर अक्षरात तिने एक ओळ वाढवली : खोलीचे सोवळे पाळावे.

पाच महिने छान गेले. जनार्दनाच्या पायांची सूज उतरली, तो पेट्या उघडून बसू लागला. गौरी-गणपती जवळ आले तशी गावोगावची भजनी मंडळी दारात पेट्या आणून ठेवू लागली.

विमलची पाळी त्या वयात जायला आली होती; पाच महिने आली नव्हती, आता गेलीच असे तिने धरले होते. पण एका सकाळी पाळी आली. द्वारकाबाईने उंबऱ्यापाशीच तिला अडवले. चार दिवस सोवळ्याच्या खोलीत पाऊल नाही. विमल म्हणाली, सिस्टरना फोन करून विचारू. म्हातारीने भिंतीकडे बोट दाखवले. सिस्टरनेच तर लिहून दिले आहे, विचारायचे काय राहिले? जनार्दन आतून म्हणाला, चार दिवसांचा तर प्रश्न, आईचे ऐक.

मग द्वारकाबाई स्वतः आत गेली. खुंटीवरचे रेशमी लुगडे नेसली. ते सोवळ्याचे, त्याला वर्षातून एकदाच पाणी लागायचे. साबणात चरबी असते म्हणून साबण घेतला नाही, नुसत्या पाण्याने हात धुतले. तोंडाचे फडके विमलच्या हातचे, म्हणून ते नको. नळीच्या टोकावर गोमूत्र शिंपडले. डोळ्यांना धार लागली होती. पोटच्या पोरासाठी आई करील त्याहून एक कणही कमी तिने केले नाही. विमल उंबऱ्याबाहेरून सांगत होती, टोकाला नका हो लावू बोट. म्हातारी म्हणाली, तू लांब हो, तुझी सावली पडते.

चौथ्या दिवशी पोटातून पाणी निघाले ते तांदळाच्या धुवणासारखे गढूळ. पाचव्या दिवशी विमल न्हाऊन आत गेली, पिशवी उजेडात धरली आणि तिने फोन केला. तोवर जनार्दन तापाने बरळू लागला होता.

इस्पितळात पोटात औषधे सोडली, पण जंतू मुरला होता. जीव वाचवायचा तर नळी काढावी लागली, आणि पोटाचा पडदा असा खराब झाला की ती वाट कायमची मिटली. आता यंत्र, आठवड्यातून तीनदा, जन्मभर. दारातल्या पेट्या लोक एकेक करून घेऊन गेले. आणि गावात एकच बोलणे : त्या बाईने विटाळ कालवला. द्वारकाबाई वॉर्डात येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगे, विमलच्या देखत. विमल खाली मान घालून नवऱ्याचे पाय चेपत राही.

धाकटीला हे कळले तेव्हा ती संतापाने लाल झाली. या अडाणी म्हातारीला चांगली सुनावते, म्हणून निघाली. थोरल्यांनी तिला हाक मारली आणि एक विचित्र गोष्ट केली. शिकवण्याच्या खोलीत कापडी पोट असलेली बाहुली होती, तिला नळी होती. वॉर्डातल्या एका आयाबाईंना त्यांनी बाहुलीपुढे बसवले आणि धाकटीला दाराबाहेर उभे केले.

"यांच्याकडून पिशवी जोडून घे. तोंडानं सांगायचं. उंबरा ओलांडायचा नाही."

धाकटीला काही उमजेना. पण सांगू लागली. आयाबाई बिचाऱ्या मन लावून करत होत्या. पहिल्या खेपेला झाकण जमिनीवर पडले, दुसऱ्या खेपेला अंगठा सरळ टोकावर. धाकटी ओरडली. तिसऱ्या खेपेला पुन्हा तेच होऊ लागले तेव्हा तिला राहवेना, ती आत धावली. थोरल्यांनी दारात हात आडवा धरला.

"तुला नुसती बाहुली वाचवायची होती, तरी राहवलं नाही. विमल तशी चार दिवस उभी होती."

"पण तिला बाहेर त्या म्हातारीनं काढलं, मी नाही."

आयाबाईंना चहाला पाठवून थोरल्या खाली बसल्या. "ती म्हातारी अडाणी नाही गं. तुझा शब्द तिनं अक्षर न् अक्षर पाळला. स्वच्छतेला साबण लागतो, पाणी लागतं. सोवळ्याला माणूस लागतं, बाहेर काढायला. ज्या घरी कोणी बाहेर बसत नाही तिथं सोवळंही नसतं. तो शब्द तू त्यांच्या घरी धाडलास तो एकटा गेला नाही. आपलं लुगडं, आपलं गोमूत्र घेऊन गेला, आणि त्या घरात शिकलेले हात एका बाईचे होते, तेच आधी दाराबाहेर ठेवले. लोकांच्या तोंडचा शब्द उचलावा, पण तो कोणाला शिवू देत नाही ते आधी पाहावं."

धाकटीने जमिनीवर पडलेले झाकण उचलले. मग म्हणाली, "त्या दिवशी मला अडवलं का नाहीत?"

"सगळे हसत होते ना," थोरल्या म्हणाल्या. "मलाही तो शब्द गोड वाटला."

धाकटी उठून वॉर्डात गेली. जनार्दनाचा डोळा लागला होता, यंत्र घुमत होते. दोघी बायका खाटेच्या दोन बाजूंना होत्या. तिने म्हातारीपुढे बसून सांगितले, की विटाळाने काही झालेले नाही. जंतू पाळी बघत नाही, तो न धुतलेला हात बघतो. विमल आत असती तर हे घडले नसते. आणि ते वाक्य तक्त्यावर मी लिहिले, चूक माझी.

तिला वाटले होते, आपण दोष अंगावर घेतला की दोघींचे ओझे उतरेल. म्हातारी आपल्या हातांकडे पाहू लागली. तळहात, मग उलटे करून नखे. तिने हळूच विचारले, "गोमूत्रानंसुद्धा जंतू मरत नाही?"

धाकटीने नाही म्हणून मान हलवली. द्वारकाबाईने हात पदराखाली घेतले. त्यानंतर तिने विमलला कधी बोल लावला नाही, आणि मुलाला आपल्या हाताने पाणीही दिले नाही.

धाकटी विमलकडे वळली. क्षमा मागण्यासाठी तिने तोंड उघडले, पण विमलच आधी बोलली. आवाज चढला नाही, नवऱ्याची झोप मोडू नये इतकाच होता.

"शब्द तुमचा होता, सिस्टर. पण हात कसे धुवायचे ते मला येत होतं, आणि दाराला कडी नव्हती."