चढणाऱ्याला वाट

एका गावात एक खाण होती. होती म्हणजे अजूनही आहे, पण बंद. गावाचं नाव काळटेकडी. टेकडीच्या पोटातून मँगनीजचा काळा दगड निघायचा, म्हणून ते नाव पडलं. दगड संपला, साहेब लोक गेले, फाटकाला कुलूप लागलं. मागे उरल्या त्या वाटा. माथ्यापासून खाणीच्या फाटकापर्यंत उतरणाऱ्या, अरुंद, वळणावळणाच्या वाटा. तिथं ना गर्दी, ना गाड्या, ना धूर. अशा वाटेवर एकदा सायकल सोडून बघा, आणि मग मला सांगा सुख कशाला म्हणतात ते!

या वाटांचा एक जुना नियम होता. खाण चालू होती तेव्हा खालच्या खड्ड्यातला दगड बायका टोपलीत भरून डोक्यावरून वर न्यायच्या. वाट एका माणसापुरती. मग समोरासमोर आले तर थांबायचं कोणी? उतरणाऱ्याने. का, तर ओझं घेऊन चढावर एकदा थांबलं की पुन्हा पाऊल उचलायला दुप्पट जीव लागतो. म्हणून चढणाऱ्याला वाट. मुकादमसुद्धा बाजूला व्हायचा. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडायची कोणाची छाती नव्हती.

खाण बंद झाली आणि लोक नियम विसरले. आता टेकडीवर राहतात ती वरच्या टोलीची, म्हणजे वरच्या वस्तीची, पन्नास-साठ घरं. ती माणसं रविवारी खाली बाजाराला येतात आणि तेल-मीठ, डाळ-तांदूळ डोक्यावर घेऊन दुपारच्या आत वर चढतात. त्यांना कोण विचारतो!

याच गावात वैजयंती टेंभुर्णे नावाची मुलगी होती. सगळे तिला वैजू म्हणत. दिवसभर पिठाच्या गिरणीवर काम करायची आणि संध्याकाळी सायकल घेऊन टेकडी गाठायची. सायकल जुनी, पण हात असा पक्का की दगडगोटे तिला ओळखत असावेत. तिच्या आईने ऐन तारुण्यात त्या टोपल्या वाहिल्या होत्या. त्यामुळे नियम वैजूच्या अंगात मुरलेला.

दरवर्षी दिवाळीनंतरच्या रविवारी टेकडीवर सायकल उतरवण्याची स्पर्धा व्हायची. एकेकाने निघायचं. वर निशाण पडलं की खाली घड्याळ सुरू. ज्याला सगळ्यात कमी वेळ लागेल तो जिंकला, आणि तोच राज्याच्या स्पर्धेला जाणार. एकच जण. पंचविशीच्या आतला.

वैजू तीन वर्षं त्या स्पर्धेत उतरली आणि तीन वर्षं दुसरी आली. पहिल्या वर्षी एक म्हातारा तेलाचा डबा घेऊन चढत होता, त्याच्यासाठी थांबली. दुसऱ्या वर्षी एक पोटुशी बाई, तिच्यासाठी. तिसऱ्या वर्षी तर एकामागोमाग चार जणी, डोक्यावर गाठोडी. वैजू सायकल उचलून झुडपात उभी, आणि चौघी आपल्या सावकाश गेल्या. नऊ सेकंदांनी हरली. तिन्ही वर्षं पहिला आला भास्कर रहांगडाले. भास्करच्या तोंडात शिट्टी असायची. शिट्टी ऐकली की माणसं काट्यात उड्या मारायची. आयोजकांनी वाट बंद असल्याची पाटी लावली होती म्हणा. पण आपल्या घरी जायला पाटी कोण वाचतं?

गावाने वैजूचं नाव पाडलं, ‘दुसरी वैजू’. पोरं रस्त्यात मुद्दाम बाजूला होऊन म्हणायची, “या बाई, वाट घ्या!” ती हसायची, पण घरी जाऊन रडायची. खोटं कशाला सांगू, खूप रडायची. कारण आता हे चौथं वर्ष शेवटचं होतं. पुढच्या वर्षी तिला पंचवीस पुरी होणार होती. आत्ता नाही, तर कधीच नाही.

तिचा मामा देवराम सायकली दुरुस्त करायचा. तो एक दिवस भडकला. “काहून थांबते वं तू? स्पर्धा आहे का देवदर्शन? भीड भिकेची बहीण, पोरी!” आणि त्याने तिच्या हँडलला एक मोठा रबरी भोंगा बसवला. “हा दाब आणि सूट.”

वैजूने मान हलवली. या वेळी थांबायचं नाही, असं तिने मनाशी घट्ट ठरवलं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी, शनिवारी, ती शेवटच्या सरावाला वर गेली. मामा खाली फाटकाशी घड्याळ घेऊन उभा. वैजू सुटली. अशी सुटली की वाऱ्यालाही धाप लागावी. मधल्या वळणावर समोरून सुरजाबाई कुमरे चढत होती. सुरजाबाई वरच्या टोलीची, सत्तरीची, रेशनचे दहा किलो तांदूळ डोक्यावर. वैजूने डोळे बारीक केले आणि भोंगा दाबला. म्हातारी दचकली, बाजूला सरायला गेली आणि पाय घसरून खाली बसली. पोतं गडगडलं. वैजू पुढे निघून गेली.

एक वळण गेलं. दुसरं गेलं. समोर फाटक दिसलं. मामा घड्याळ नाचवत ओरडत होता, “ये, ये! आजवर एवढ्या लवकर कोणी उतरलं नाही! ये!”

फाटक शंभर हातांवर होतं. मागे काय झालं ते पाहणारं कोणी नव्हतं. म्हातारीने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. पण मागून काहीच आवाज आला नाही, आणि तेच वैजूला सोसेना. तिने दोन्ही ब्रेक दाबले.

“अगं, थांबली काहून?” मामाने कपाळावर हात मारला.

वैजूने सायकल वळवली आणि ढकलत पुन्हा वर गेली. सुरजाबाई रस्त्यात बसून काळ्या मातीतून पांढरे तांदूळ वेचत होती.

“आजी, लागलं का गं?”

“मला नाही लागलं,” म्हातारी म्हणाली. “तांदळाला लागलं.”

वैजू खाली बसली. दोघींनी मिळून तांदूळ वेचले. पाऊण तास गेला. वेचता वेचता वैजूच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती बाहीने पुसत होती. मग तिने पोतं सायकलच्या दांडीवर बांधलं आणि म्हातारीला घरापर्यंत पोचवलं. दारात तिने खिशातला पाना काढला आणि भोंगा उपसून फेकून दिला.

“आजी, उद्या तू बाजारातून चढत असशील तर मी थांबेन. तू असशील तर तुझ्यासाठी, दुसरं कोणी असेल तर त्याच्यासाठी.”

“आणि हरली तर?”

“हरले तर हरले. पण आजच्यासारखी जिंकणार नाही.”

 म्हातारीने वैजूच्या डोक्यावर हात ठेवला.

रविवार उजाडला. फाटकाशी ही गर्दी! पंच होते खाणीतले जुने मुकादम शेंडेकाका. बोलायला कमी, पण घड्याळाला पक्के. एकेक जण उतरू लागला. भास्करचा नंबर आला. त्याने शिट्टी तोंडात धरली, पण ती एकदाही वाजवावी लागली नाही. नऊ मिनिटं आणि चार सेकंद! भास्करने आजवर एवढा कमी वेळ कधी घेतला नव्हता. त्याच्या दोस्तांनी ढोल वाजवायला सुरुवातही केली. त्यांना वाटलं, झालं काम.

सगळ्यात शेवटी वैजू. निशाण पडलं.

पहिल्या वळणावर तिने ब्रेकवर बोट ठेवलं. आता कोणी भेटेल. कोणी नाही. दुसऱ्या वळणावर पुन्हा वेग कमी केला. तिथंही कोणी नाही. बाजारातून परतायची वेळ झालेली, आणि वाट मोकळी! तिला कळेना. मग मधल्या वळणावर खालचं सगळं दिसलं. खड्ड्याच्या काठावर, उन्हात, वरच्या टोलीची झाडून सगळी माणसं बसली होती. शेजारी गाठोडी, डबे, पोती. तेलाच्या डब्याचा तो म्हातारा होता. कडेवर लेकरू घेतलेली ती बाई होती. त्या चौघी जणी होत्या. आणि सगळ्यांच्या पुढे काठी टेकून सुरजाबाई उभी होती.

“आज आम्ही कोणी चढत नाही!” ती सत्तर वर्षांच्या छातीने ओरडली. “उतर बाप्पा तू! उतर!”

वैजूने ब्रेकवरचं बोट काढलं.

मग काय सांगू राव! चार वर्षांत जी वैजू कोणी पाहिलीच नव्हती, ती त्या दिवशी गावाने पाहिली. दगडावरून उडाली, घसरणीवरून सरकली, वळणावर गुडघा मातीला टेकवून निघाली. खाली लोकांनी आधी धूळ पाहिली, मग हेल्मेट, आणि मग ती फाटकातून आरपार निघून थेट पिंपळाच्या पाराला जाऊन थांबली.

शेंडेकाकांनी घड्याळ पाहिलं. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.

“आठ मिनिटं, एकेचाळीस सेकंद. वैजयंती टेंभुर्णे, पहिली!”

देवराम मामा एवढा नाचला की त्याची चप्पल तुटली. वैजू पाराला टेकून हसत होती आणि रडतही होती. कालपर्यंत ‘दुसरी वैजू’ म्हणणारी पोरंच तिला खांद्यावर घ्यायला धावली. माणसांचं असं असतं, त्यांच्यावर रागवू नये.

भास्कर मात्र लालबुंद झाला. तो पंचांपुढे येऊन म्हणाला, “हे चालणार नाही! हिच्यासाठी टोलीवाल्यांनी वाट मोकळी ठेवली!”

शेंडेकाका म्हणाले, “वाट तर तुलाही मोकळीच होती.”

भास्करने शिट्टी खिशात घातली आणि सायकल वळवली.

त्या दिवशी वरच्या टोलीत चुली उशिरा पेटल्या. लेकरं उपाशी राहिली म्हणून कुरकुरलीही असतील. पण कोणी तक्रार केली नाही. पुढच्या महिन्यात वैजू राज्याच्या स्पर्धेला गेली, तेव्हा तिला बसपर्यंत सोडायला अख्खी टोली टेकडी उतरून आली होती. तिथं ती कितवी आली म्हणता? तिसरी. आणि ऐका, काळटेकडीत त्या तिसऱ्या नंबरासाठी जेवढे पेढे वाटले, तेवढे खाण चालू असतानाही कधी वाटले नव्हते.

तात्पर्य: ओझं घेऊन चढणाऱ्याला जो वाट देतो, त्याची वाट एक दिवस तीच माणसं मोकळी करतात. आणि समजा नाहीच केली, तरी चढणाऱ्याला वाट द्यायचीच असते.