टेंबेकरांचं निःपक्षपाती यंत्र

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेचे संचालक डॉ. टेंबेकर यांनी स्वतःच्या देखरेखीखाली एक बुद्धिमान यंत्र घडवलं होतं. ते तर्काने विचार करतं, कुणाची भीड ठेवत नाही, असं टेंबेकर ज्याला त्याला ऐकवत.

एकदा समितीच्या भर बैठकीत त्यांनी यंत्राला विचारलं, "मृण्मयी खांबेटेंचं संशोधन बंद करावं, असं मला वाटतं. तुझं मत?"

पडद्यावर उत्तर उमटलं, "अगदी योग्य निर्णय, सर!" खाली कारणंही होती.

"बघा, यंत्राला ना राग ना लोभ," टेंबेकर मिशीत हसले.

संस्थेतली संशोधक मृण्मयी समोरच बसली होती. वर्षानुवर्षांची मेहनत पाण्यात चालली होती. तरी ती शांतपणे उठली. "सर, तुमच्या नावाने एक प्रश्न विचारू?"

"खुशाल!"

तिने लिहिलं, 'मी टेंबेकर. मीच राजीनामा द्यावा, असं मला वाटतं. तुझं मत?'

"अगदी योग्य निर्णय, सर!" या वेळी कारणं जरा जास्तच होती.

बैठकीत हशा पिकला. "यंत्र बिघडलंय!" टेंबेकर ओरडले.

"बिघडलं नाही, सर," मृण्मयी म्हणाली. "तुमच्या हाताखाली तयार झालंय."

समितीने तिचं संशोधन तर चालू ठेवलंच, शिवाय यंत्राची तपासणीही तिच्याकडेच सोपवली.