लवंगी वस्ताद

भोपरगडचे सुभानराव राजे दसऱ्याच्या दिवशी गडाच्या तिसऱ्याच पायरीवर बसले, ते काही उठेनात. खांद्यावर देवीचं निशाण, त्याचा दांडा हा एवढा जाड. रीत अशी, की वर देवळात नगारा सुरू झाला की तो थांबायच्या आत राजानं स्वतः निशाण वर न्यायचं, आणि शेवटचा कमरेएवढा उंबरा उडी मारून ओलांडायचा. नगारा वाजवणाऱ्याचे हात भरून आले, राजे आपले तिसऱ्या पायरीवर. शेवटी मेव्हण्यानं निशाण वर नेलं आणि खाली येऊन म्हणाला, "दाजी, पुढच्या वर्षी दोन पालख्या काढू. एक देवीची, एक तुमची."

झोंबलं की हो राजाला. त्यांनी तालमीच्या येसबा वस्तादांना बोलावलं.

"वस्ताद, पुढच्या दसऱ्याला माझ्या खांद्यात बैलाचं बळ पाहिजे, पायात हरणाचा वेग पाहिजे, आणि उडी पाहिजे माकडाची."

"देतो की सरकार. उद्या पहाटे लंगोट लावून या."

"मी लंगोट लावू? एक जोर काढणार नाही, एक बैठक मारणार नाही. मातीत लोळायला मी काय म्हैस आहे? आणि ऐका. मला व्यायाम करायला लावलात, किंवा निशाण पुन्हा अडलं, तर तुमच्या तालमीच्या हौदातल्या मातीत नांगर घालून वांगी लावीन."

वस्ताद घरी आले ते भाकरीसमोर नुसते बसले. सात पिढ्यांच्या घामानं भिजलेली लाल माती, आणि तिच्यात वांगी!

त्यांची लेक हौसा शेळ्यांच्या धारा काढून आली. "आबा, कालवणात मीठ न्हाई का?"

वस्तादांनी सगळं सांगितलं. पोरगी फिदीफिदी हसायला लागली.

"राजाला व्यायाम नको ना? मग नको. माझी लवंगी बघंल काय ते."

लवंगी म्हणजे तिची काळी शेळी. अंगानं चिमूटभर, अवगुणानं पोतंभर. गावात जिचं लुगडं तिनं चघळलं नाही अशी बाई नव्हती. आणि हौसाची हाक सोडली तर ती कुणाच्या बापाला सापडायची नाही.

दुसऱ्या दिवशी हौसा शेळी घेऊन वाड्यावर. "सरकार, जोर-बैठका म्हंजे गरिबाचा उद्योग. तुम्ही दूध प्या. तुम्ही मागताय ते तिन्ही गुण हिच्या दुधात हाईत. पथ्य तेवढं कडक."

"सांग."

"पिणाऱ्यानं शेळी स्वतः धरायची, खांद्यावर घालून आणायची, आपल्या हातानं धार काढायची. मधी दुसऱ्याचा हात लागला की गुण गेला."

"हात्तिच्या! शेळीच धरायची ना?"

हौसानं दावं सोडलं.

त्या दिवशी राजांच्या हाताला शेळीचा केससुद्धा लागला नाही. दोन हाकांएवढं अंतर पळाले आणि आंब्याला धरून उभे राहिले. लवंगी समोर बसून रवंथ करत त्यांच्याकडे बघत होती, सासूनं नव्या सुनेकडं बघावं तशी. राजे म्हणाले, "उद्या बघतो तुला." शेळी म्हणाली, "ब्यां."

उद्या पण तेच. परवा पण तेच. पुढं पुढं शेपटीला हात लागायला लागला. पावसाळा लागला तेव्हा कुठं एकदा मागचा पाय सापडला. राजे शेळी खांद्यावर टाकून असे निघाले, की जणू दिल्ली मारून आले. धार काढली, गटागटा प्याले, मिशीवरचा फेस पुसला आणि म्हणाले, "गुण येतोय गं हौसा!"

"येणारच की सरकार."

वाड्यातला भिजवलेला हरभरा खाऊन लवंगी तिकडं गरगरीत होत चालली. रोज खांद्याला जरा जास्तच भरायची. वर तिला बागेचा दगडी गडगा उडून जायची खोड लागली. ती उडाली की मागून राजे उडायचे. आधी पोटावर पडायचे, मग गुडघ्यावर, मग पायावर. मुदपाकखान्यातल्या बायका तोंडात पदर कोंबून बघायच्या.

दसरा आला. नगारा सुरू झाला आणि राजे निशाण घेऊन जे सुटले, ते उंबरा उडून थेट देवीपुढं. नगाऱ्यावाल्याचा हात अजून नीट बसला पण नव्हता. मेव्हणा खाली पाचव्या पायरीवर धापा टाकत होता.

दरबार भरला. राजे खुशीत. "हौसा, तुझी शेळी खाते तरी कोणता पाला? मी त्याची बागच लावतो."

"पाला कसला सरकार? शेवगा, बाभळ, आणि काल तुमच्या दिवाणजींचं उपरणं."

राजांचे डोळे बारीक झाले. "म्हणजे दुधात काही नव्हतं? वर्षभर मला पळवलंस? उचलायला लावलंस? व्यायामच करवून घेतलास की! शिपाई, नांगर जुंपा."

वस्ताद हात जोडून पुढं आले.

हौसा म्हणाली, "आबांनी एक तरी बैठक मारा म्हटलं का, सरकार? मी म्हटलं? तुम्हाला पळवलं ते लवंगीनं."

"मग गुन्हेगार लवंगी. धरून आणा तिला!"

शिपाई धावले. एक गडग्यावर आपटला, दोघांची डोकी एकमेकांवर बसली, हवालदार उकिरड्यात गेला. हौसानं एक हाक मारली असती तर शेळी गुमान आली असती. पण हौसा कशाला मारतेय हाक!

"सरकार," ती म्हणाली, "आख्ख्या राज्यात तिला धरणारा गडी एकच हाय."

राजांनी धोतर खोचलं. गडगा उडाले, एका झेपेत लवंगी धरली, खांद्यावर टाकून दरबारात आले. "हा गुन्हेगार! बोल, काय शिक्षा द्यायची?"

"सरकार, धाप लागली का?"

राजांनी छातीवर हात ठेवला. धाप नव्हती.

"जो असा गडी घडवतो, त्याला तालमीत काय म्हणतात हो आबा?"

"वस्ताद," येसबा पुटपुटले.

"आणि कुस्ती मारून आलेला पठ्ठ्या आधी काय करतो?"

"वस्तादाला खांद्यावर घेतो. मग त्याला फेटा बांधतो."

हौसा राजांच्या खांद्याकडं बघून म्हणाली, "खांद्यावर तर घेतलंच हाय, सरकार. आता फेटा तेवढा राहिला."

राजांनी खांद्यावरच्या शेळीकडं पाहिलं, शेळीनं राजांकडं पाहिलं. आणि राजे असे हसत सुटले, की डोक्यावरचा फेटा आपोआपच सैल झाला. त्यांनी तो स्वतःच्या हातानं लवंगीच्या शिंगांना गुंडाळला, तालमीला गाड्या भरून नवी लाल माती दिली आणि हौसाला वाड्यामागचं चरायचं अख्खं रान.

तोवर नव्या वस्तादानं फेट्याचा तुरा खाल्ला होता.