बकुळाचं स्वतःचं फूल

एका मोठ्या शहरात, तांबटवेशीच्या पलीकडे, रंगबाग नावाची बाग होती. संध्याकाळ झाली की तिथल्या झाडांवर लाल, हिरवे, जांभळे इवलेइवले दिवे लागत. रात्री ठरल्या वेळी रंगीत कारंज्याचं पाणी नाचे. बँडवाले गाल फुगवून तुताऱ्या वाजवत. भेळेच्या गाडीवरचा चिंचेचा आंबटगोड वास कुंपणाच्या जाळीतून बाहेर पडे आणि रस्ताभर हुंदडून येई. वासाला तिकीट नव्हतं. माणसांना मात्र होतं. पूर्वी तिथं कुणीही जाऊन बसे. मग कुणीतरी कुंपण घातलं, फाटक बसवलं आणि फाटकावर भलीमोठी पाटी ठोकली: गवतावर बसू नये, मोठ्यानं हसू नये, टोपलीवाल्यांनी आत येऊ नये. हे कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं, ते मात्र पाटीवर लिहिलेलं नव्हतं.

फाटकाबाहेर बकुळा नावाची मुलगी गजरे विकायला बसे. तिची बोटं चिमुकली, पण गाठ मारायची आणि सोडवायची तर तिनंच. दिवसभर तिच्या मांडीवर मोगऱ्याच्या पांढऱ्याशुभ्र कळ्यांचा ढीग असे, आणि तरी मोगऱ्याचा वास कसा असतो, हे तिला नीटसं ठाऊक नव्हतं. आईनं बजावलं होतं, "हुंगलेलं फूल देवाला चालत नाही, बके. तोंड फिरवायचं, श्वास धरायचा आणि ओवायचं." बकुळा तसंच करी.

तिची आई द्वारका एकेकाळी मोठी चवीनं जेवणारी बाई होती. पण पावसाळ्यात तिला ताप आला, आणि जाताना तो तिच्या जिभेवरची चव आणि नाकातला वास घेऊन गेला. तेव्हापासून भाकरीचा तुकडा तोंडात घातला की ती म्हणे, "माती चावल्यासारखं वाटतं गं. तूच खा." दिवसेंदिवस ती वाळत चालली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, "पोटात अन्न गेलं नाही, तर ही अंथरूण धरेल." बकुळाला दुसरं काही सुचत नसे. आईनं पोटभर जेवावं, एवढंच.

एके संध्याकाळी कुंपणाजवळच्या कण्हेरीत काहीतरी लुकलुकलं. बकुळाला वाटलं, काजवा. मग वाटलं, जरीचा तुकडा. मग तो तुकडा बोलला.

"जरा सोडवतेस का गं मला?"

दिव्यांच्या माळेत एक नाजुकशी परी अडकली होती. बोटाएवढी. तिच्या चंदेरी पंखाला वायरीचा पीळ बसला होता. बकुळानं टोपली बाहेरच ठेवली, ती जाळीच्या फटीतून आत शिरली आणि एकेक पीळ हलक्या हातानं उलगडू लागली. बाहेर गिऱ्हाइकं हाका मारून निघून गेली. बकुळा उठली नाही. पंख ओढला गेला असता तर?

मोकळी झालेली परी कण्हेरीच्या पानावर बसली. तिनं टाळी वाजवली आणि बकुळाच्या ओंजळीत मोगऱ्याची तीन टपोरी फुलं उतरली. दुधासारखी पांढरी, कडेला सोनेरी.

"ही तुला. एकेका फुलाला एकेक इच्छा. पण नियम आहेत हं."

"तुमचीपण पाटी आहे, परीताई?"

परी गोंधळली. "पाटी नाही. दोनच नियम. आधी फुलाचा मनसोक्त वास घ्यायचा. आणि मागायचं ते स्वतःच्या सुखासाठी."

आनंदाच्या भरात बकुळाला पुढचं नीट ऐकूच आलं नाही. तिनं पहिलं फूल उचललं, सवयीनं तोंड फिरवलं, श्वास धरला आणि डोळे मिटून पुटपुटली, "माझ्या आईची चव परत येऊ दे." फूल थरथरलं आणि दवाचा थेंब होऊन ओघळून गेलं.

"हे काय? वास घेतलास का तू?" परीनं विचारलं.

"छे! फूल कुणी हुंगतं का? देवाचं असतं ते."

"हे तुझं आहे गं."

"माझं?" बकुळानं मागं वळून पाहिलं. दुसरी कुणी बकुळा उभी आहे की काय! इतकी फुलं हातांतून गेली, पण तिचं असं एकही नव्हतं.

तिनं भीतभीत दुसरं फूल नाकाशी नेलं. आणि काय सांगावं! थंडगार, गोड, ओल्या पहाटेसारखं काहीतरी तिच्या डोक्यात शिरलं. बँडचा आवाज जवळ आला, दिवे मोठे झाले, पायाखालचं गवत तळव्यांना गुदगुल्या करू लागलं. "एवढं सगळं यात होतं?" ती म्हणाली. मग तिला आई आठवली आणि लाजच वाटली. घाईघाईनं ती म्हणाली, "माझ्या आईची चव परत येऊ दे!"

परी कान टवकारून बसली होती. "ओठ हलले तुझे. ऐकू काहीच आलं नाही. स्वतःच्या सुखासाठी मागायचं, सांगितलं होतं ना?"

दुसरं फूलही ओघळलं.

आता मात्र बकुळा चिडली. "हा कुठला उफराटा नियम? शाळेत बाई सांगतात, स्वतःचं पाहू नका, दुसऱ्याचं पाहा. तुम्ही म्हणता, स्वतःसाठी माग. आई तिकडं उपाशी आहे, आणि मी सुख मागू?"

परी हळूच म्हणाली, "नियम माझा नाही, बाळा. पण तो का झाला ते सांगते. तुझ्यासारख्या गोड माणसांनी स्वतःसाठी कधी काही मागितलंच नाही. मग जगातलं सुख असंच पडून राहिलं, आणि दांडग्यांनी त्याला कुंपण घातलं. सांग ना, तुला काय आवडतं?"

हे बकुळाला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. भेळ? ती तिनं खाल्लीच नव्हती. कारंजं? जाळीतून अर्धंच दिसे. आवडतं म्हणजे नक्की काय होतं? पोटात होतं की छातीत? तिचा पार गोंधळ उडाला. इतक्यात पहारेकरी रंगरावची शिट्टी वाजली. "कोण आहे रे तिकडं? तिकीट?"

"लवकर," परी म्हणाली.

बकुळानं शेवटचं फूल हुंगलं. आणि त्या वासात तिला एक आवाज आठवला. ताप यायच्या आधी आई तिखट खाल्लं की जीभ टाळूला लावून 'टॉक' करी आणि दोघी हसून लोळत.

"मला भेळ पाहिजे," बकुळा म्हणाली, "आणि पहिल्या घासाला आईच्या जिभेचा टॉक माझ्या कानांनी ऐकायचाय. मला ऐकायचाय. माझ्या सुखासाठी!"

"आत्ता कसं लख्ख ऐकू आलं!" परी हसली, आणि बकुळाच्या हातात भेळेचा गरगरीत पुडा आला.

फटीतून ती बाहेर पडते तोच समोर तिला शोधत आलेली आई. "टोपली उघडी टाकून कुठं उंडारत होतीस गं? जीव अर्धा झाला माझा!"

"आई, आधी एक घास खा."

"मला काय कळणार आहे त्यातलं?"

"माझ्यासाठी नको खाऊस. म्हणजे, हो, माझ्यासाठीच खा!"

हिला झालंय तरी काय, अशा नजरेनं आईनं घास तोंडात टाकला. चावला. चेहरा तसाच कोरडा. आईनं आणखी एकदा चावलं. तिच्या भुवया वर गेल्या, डोळ्यांत पाणी आलं.

टॉक!

"अगं बाई! काय मिरची ठेचलीय मेल्यानं! आणि कैरी... बके, कैरी आहे यात!" आईनं दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, नाक पुसलं आणि पुन्हा पुड्यात हात घातला.

रंगराव धापा टाकत फाटकापाशी आला. "पोरगी आत शिरली होती. तिकीट कुठाय?"

"आधी हे खा, मग ओरड," म्हणत द्वारकेनं त्याच्या तळहातावर भेळ ठेवली. रंगरावनं ती तोंडात टाकली, पुन्हा शिट्टी ओठांशी नेली, पण मिरचीनं तिच्यातून नुसतं 'फुस्स' निघालं. आई खदखदून, मोठ्यानं हसली. पाटीसमोरच.

मग तिनं बकुळाला जवळ ओढलं. "आता तू बोल, राणी. तुला काय पाहिजे?"

या वेळी बकुळा गोंधळली नाही. "गोळा. काळा खट्टा. आणि तो मी कुणाला देणार नाही."

कुंपणापलीकडे कण्हेरीत कुणीतरी खुदकन हसलं. त्या हसण्यातून सोनेरी, गुलाबी, चंदेरी उजेडाचा एक लोट उठला, झाडांच्या शेंड्यांवरून वर वर गेला आणि बारीक बारीक ठिणग्या होऊन आभाळात विरून गेला. आतबाहेरची सगळी माणसं माना वर करून "वा, वा!" करू लागली. त्यांना वाटलं, रंगीत कारंजं सुरू झालं. रंगरावनं मात्र मनगटावरचं घड्याळ पाहिलं, डोकं खाजवलं, आणि पुन्हा घड्याळ पाहिलं. कारंज्याला तर अजून बराच वेळ होता.